एक तरी घ्या

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात श्वासाच्या तपासणीला गेलेलो, तिथे शेजारच्या खुर्चीवर एक बाई भेटल्या. आम्हा दोघांनाही आतड्यांच्या सुजेचा जुना आजार. आता लहान आतड्यात जंतू जास्त वाढलेत का, ते बघायचं होतं. उपाशीपोटी गोड पाणी प्यायचं आणि दर वीस मिनिटांनी नळीत फुंकायचं.

त्या मानपाड्याहून आलेल्या. टॉयलेटच्या दारासमोरची खुर्ची त्यांनी मुद्दाम धरलेली. फुंकून आल्या की पदराने ओठ टिपायच्या आणि फुगलेलं पोट झाकायला पर्स मांडीवर उभी धरायच्या.

"आजाराची सवय झाली हो," त्या म्हणाल्या. "भीती वाटते ती आग्रहाची. नको म्हटलं की माणसं दुखावतात. मग खाते, आणि घरी जाऊन भोगते."

मला ते इतकं पटलं की मी बराच वेळ मान हलवत राहिलो. माझी सासुरवाडी डोळ्यांसमोर आली.

तपासणी संपल्यावर मी बायकोने दिलेला डबा उघडला आणि एक लाडू त्यांच्यापुढे धरला.

"नको."

"अहो, घरचाच आहे. एक तरी घ्या!"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पर्स बाजूला ठेवली आणि लाडू घेतला.