पिंपळघाटावर या

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, त्यांतले बरेच विसरलो. नागपुरातल्या कळमना बाजाराचे ते रेडिओचे प्रकरण मात्र अजून मनातून जात नाही.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत असताना बाजारातला एक मिरचीचा व्यापारी आला. बसा म्हटले तरी बसेना.

"साहेब, चार वाजता रेडिओवर गाणं सुरू असलं की मधातच एक बुढा बोलते. कोनाले कुठं बोलावून राहिला, समजत नाही. मले तर कोडवर्ड वाटते."

त्या दुपारी मी साध्या कपड्यांत त्याच्या दुकानात जाऊन बसलो. चारला खरोखरच आवाज आला. अमक्याच्या मुलीला मुलगा झाला, कांद्याच्या गाडीवर उद्या दोन हमाल हवेत, कोणाचे तरी रेशनकार्ड सापडले आहे, अशा वस्तीतल्या बातम्या होत्या. मग आवाज चढला.

"ऐका हो ऐका! उद्या सकाळी सातला घरटी एका मानसानं पिंपळघाटावर यावं. वरच्या तळ्याचा पाट साफ करायचा हाये!"

आमच्या हद्दीत पिंपळघाट नव्हता. शहरातल्या इतर ठाण्यांना विचारले, त्यांनाही ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी सातला कुठेच कोणी जमल्याची खबर आली नाही. माझा संशय उलट वाढला.

वायरलेस खात्याचा तंत्रज्ञ आवाजाचा माग काढणारे यंत्र घेऊन आला आणि तिसऱ्या दिवशी आम्ही बाजाराच्या मागच्या हमालांच्या वस्तीत पोहोचलो. एका टिनाच्या घरावर बांबूला तांब्याची तार बांधलेली होती. आत सत्तरीचा एक म्हातारा, इस्त्रीचा खाकी सदरा घालून, माइकसमोर बसला होता. शेजारी त्याची सून होती. पंचांसमक्ष प्रक्षेपणाचा सेट जप्त करताना तीच पुढे झाली.

"सेट म्या बनवला, सायेब. आयटीआय केलं हाये. मामाजीले त्यातलं काही समजत नाही."

दोघांना ठाण्यात आणले. म्हाताऱ्याला चहा दिला आणि चौकशी सुरू केली. पिंपळघाट कुठे आहे? तिथे कोण जमते? कशासाठी? तो आपल्या हातांकडे पाहत राहिला. खोटे बोलणारा माणूस विचारले त्यापेक्षा जास्त सांगतो, हा माझा अनुभव. हा तर खोटेही बोलेना. दोन तासांनी माझा आवाज चढला. ते मला आजही लागते.

तेवढ्यात आमच्या हवालदाराने मला बाहेर बोलावले. तो भंडाऱ्याकडचा.

"साहेब, पिंपळघाट माझ्या मामाच्या गावाजवळ होता. धरणात गेला. तो घाट ज्या गावचा, ते अख्खं गाव पाण्याखाली आहे."

मी तहसील कार्यालयात फोन लावला. कारकुनाने नोंद पाहून दुजोरा दिला. घरे पांगली होती. बरीचशी माणसे हमालीसाठी नागपूरला आली होती.

आत येऊन मी टेबलामागे न बसता म्हाताऱ्याशेजारी बाकावर बसलो.

"गावात तुम्ही कोण होता?"

"कोतवाल. दवंडी मीच द्यायचो."

"मग आधी काहून नाही सांगितलं?" मीही त्याच्याच बोलीत आलो.

"तुमी इचारलं, पिंपळघाट कुठं हाये. सांगाचं म्हणलं तं बुडाला म्हणा लागते. ते म्या अजून तोंडानं म्हणलं नाही, सायेब."

सून हळूच म्हणाली, "चार वाजले का वस्तीतले सारे काम थांबवतात. जात कोनीच नाही कुठं. पन ऐकतात."

गुन्हा दाखल करावाच लागला. परवाना नव्हता, कायदा स्पष्ट होता. न्यायालयाने ताकीद देऊन दोघांना सोडले. सेट मात्र सरकारजमा झाला. संस्था काढून रेडिओचा रीतसर परवाना मागता येतो, हे मी सुनेला समजावून सांगितले. तिने ते वहीत उतरवून घेतले. पुढे काय झाले, मला कळले नाही; माझी बदली झाली.

बदलीआधी, प्रकरणाच्या कागदांवरच्या शेवटच्या सहीसाठी म्हातारा ठाण्यात आला होता. सही झाल्यावरही तो उभाच राहिला.

"सायेब, तुमचं गाव कोनतं?"

मी सांगितले.

"हाये ना अजून?"

"आहे."

"मंग जात जा."

आई गेल्यापासून मी गावाकडे फिरकलो नव्हतो. रजा मिळत नाही, असे भावाला सांगत असे. रजा मी कधी मागितलीच नव्हती.

आरोपी गप्प बसला की काहीतरी लपवतो आहे, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण काही माणसे गप्प बसतात ती उत्तर दिले तर उरलेसुरले हातचे जाईल म्हणून. त्यांच्यापुढे आवाज चढवून काही निघत नाही. शेजारी बसावे लागते.

म्हातारा गेल्यावर मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यात काय लिहावे, याचा थोडा वेळ विचार केला आणि लिहिले, 'गावी जाणे'.