हॅकेथॉनचं आग्रहाचं निमंत्रण

आमच्या घराण्यातल्या सगळ्या लग्नपत्रिकांचा मजकूर मी लिहितो. हे काम मला कुणी दिलेलं नाही. मीच ते घेतलं आणि नंतर परत मागायचा कुणाला धीर झाला नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे, म्हणजे दिवसभर नटबोल्टांविषयी पत्रं लिहितो. त्यामुळे ‘आपल्या उपस्थितीने कार्यास शोभा येईल’ असं काही लिहायला मिळालं की जिवाला बरं वाटतं. मुलीच्या नोकरीचं जे झालं त्याचं मूळ माझ्या या हौसेत आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर. पुण्यातल्या कंपनीनं एका सकाळी तिच्यासकट अख्ख्या टीमला घरी पाठवलं, तेव्हापासून आठ महिने ती नाशिकला आमच्याकडे होती. खोलीत बसून मुलाखती द्यायची. मग दार उघडून बाहेर यायची, तेव्हा मी आणि बायको तिच्या तोंडाकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करायचो, की त्यापेक्षा सरळ बघितलेलं परवडलं असतं.

शेवटी बंगलोरच्या एका लहानशा कंपनीनं तिला तीन महिन्यांचं काम दिलं. ही कंपनी ऑनलाइन हॅकेथॉन भरवणार होती. म्हणजे शनिवार-रविवार, दोन दिवस, ठिकठिकाणच्या प्रोग्रॅमर मुलामुलींनी आपापल्या घरी बसून ब्लॉकचेनवर काहीतरी नवं बनवायचं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवून द्यायचं. या मुलांना बोलावून आणणं हे आमच्या मुलीचं काम. साठ टीम आल्या आणि त्यांनी खरोखर काही बनवलं, तर ती नोकरीत कायम. नाहीतर तीन महिने झाले की नमस्कार.

“ब्लॉकचेन म्हणजे नक्की काय गं?” मी विचारलं.

“पप्पा, आपल्या सोसायटीच्या मीटिंगची वही असते ना? ती एकट्या सेक्रेटरीकडे न ठेवता प्रत्येक फ्लॅटमध्ये एकेक प्रत ठेवायची. लिहिलं की सगळ्या प्रतींत तेच उमटणार. मग मागाहून कुणाला गुपचूप खाडाखोड करता येणार नाही.”

“मग सेक्रेटरी व्हायला कोण तयार होईल?”

ती हसली. आठ महिन्यांत तिला हसताना मी प्रथमच पाहत होतो, आणि मला वाटलं, आता या कामात आपलाही हात लागला पाहिजे.

तिनं मात्र सगळं रीतसर केलं. कॉलेजांना मेल पाठवले, प्रोग्रॅमरांच्या ग्रुपांवर लिहिलं, दोन कॉलेजांत स्वतः जाऊन आली. एका सरांनी परीक्षा पुढे केली, दुसऱ्यांनी चहा. पाच आठवड्यांत अकरा टीम जमल्या. त्या अकराही टीमशी ती फोनवर बोलली होती. त्यातल्या एका टीमचं तिला फार कौतुक होतं. पेठ तालुक्यातल्या दोन मुली, दोघींच्या घरची माणसं दरवर्षी द्राक्षबागांत मजुरीला येणारी. मजुरांची हजेरी मुकादमाला नंतर बदलता येऊ नये, असं काहीतरी त्या बनवणार होत्या.

“यांच्यासाठी तरी हे व्हायला हवं, पप्पा,” ती म्हणाली. पण अकरा म्हणजे अकराच.

मग मी मजकूर लिहिला. ‘आमच्या सुकन्येने योजिलेल्या ब्लॉकचेन हॅकेथॉन सोहळ्यास आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहावे, हे आग्रहाचे निमंत्रण. स्थळ : खालील लिंक.’ हा मजकूर मी आमच्या घराण्याच्या ग्रुपवर टाकला. मुलगी त्या ग्रुपमधून कधीच बाहेर पडली होती. ‘काय मग, लागलं का कुठं?’ याला उत्तर देऊन देऊन ती कंटाळली होती.

माझा हेतू एवढाच, की कुणाच्या तरी ओळखीतला एखादा इंजिनिअर मिळेल. पण आमच्याकडे नुसत्या मेसेजला निमंत्रण म्हणत नाहीत, मागाहून फोन लागतो. न केला तर माणसं दोन पिढ्या लक्षात ठेवतात. म्हणून मी एकेकाला फोन केले. आणि फोन आल्यावर यायचं नाही, हेही आमच्याकडे कुणाला माहीत नाही.

पहिला फोन उलट आला तो निफाडच्या मेहुण्याचा. म्हणजे मुलीचा सख्खा मामा. द्राक्षाची बाग आहे.

“दाजी, भरला बघा फॉर्म. लय इंग्रजी हाय राव. अनुभव किती विचारलं, म्या वीस वर्षं टाकले.”

“कशाचा?”

“द्राक्षाचा! दुसरा कशाचा हाय मला? आन् तुमचा कोड कुठं ठेवला त्याचा पत्ता द्या म्हणतंय, तिथं मुक्काम पोस्ट निफाड टाकलं.”

“अहो, पण तुम्ही कशाला भरलात?”

“भाचीचं कार्य, आन् मामा मागं राहील व्हय? गल्लीतल्या चौदा जणांचे भरले. हॉल रिकामा दिसला तर आब कुणाची जाती?”

त्याच वेळी थांबवायला हवं होतं. मी म्हणालो, “बरं झालं.”

चार दिवसांत अकराचे त्र्याहत्तर झाले. मुलीला तिच्या कॉम्प्युटरवर नुसता आकडा दिसायचा, यादी बंगलोरला. आपल्या मेलना आता कुठे उत्तरं यायला लागली, असं तिला वाटलं. ती सकाळी अंघोळ करताना गाणं म्हणू लागली. साहेबांनी मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं, ते तिनं आम्हाला दोनदा सांगितलं.

“अहो, सांगा तिला,” बायको म्हणाली.

“सांगतो.”

“कधी?”

“तिचं जेवण होऊ दे.” मग तिचं जेवण झालं. मग दुसऱ्या दिवशीचं झालं. ती खूश होती, आणि ती खूश असताना मला घरात मोकळं वाटत होतं. कारण एवढंच होतं, दुसरं काही सांगून मी मोठा होणार नाही.

शनिवारी सकाळी दहाला ऑनलाइन उद्घाटन. मुलगी इस्त्रीचा कुर्ता घालून कॅमेऱ्यापुढे बसली, मी मागे दारात. बंगलोरचे साहेब इंग्रजीत स्वागत करू लागले आणि पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला. पहिल्यात मेहुणा, पांढरी टोपी, मागे सगळी भावकी. दुसऱ्यात पिंपळगावची माझी चुलतबहीण, नवी पैठणी, गॅसवर कढई. तिसऱ्यात नुसतं एक कपाळ.

“पोरगी कुठंय? दिसंना,” चुलतबहीण म्हणाली. तिचा आवाज साहेबांच्या वर गेला.

“खालच्या बाजूला बघा, आक्का! ती काय, निळ्या ड्रेसात!” मेहुणा ओरडला. “भाची, आम्ही सगळे आलो बरं का! आता करायचं काय, तेवढं सांग!”

मुलीनं एकेकाचा आवाज बंद केला. बासष्ट वेळा. मागे वळून तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी संध्याकाळपर्यंत नऊ टीमनी काम पाठवलं. त्या नऊही आधीच्या अकरांतल्याच. मेहुण्यानं बागेचे चार फोटो पाठवले. सोमवारी साहेबांचा फोन आला, तेव्हा मी मुद्दाम रजा टाकून घरी होतो.

“ही माणसं खोटी आहेत का?” असं त्यांनी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, “नाही सर. खरी आहेत. माझे नातेवाईक आहेत.” बराच वेळ ती ऐकत राहिली. एकदाच मध्ये म्हणाली, “पण सर, त्या दोन मुलींचं काम खरंच—”

तिची नोकरी गेली, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण कंपनीनं नाशिक जिल्ह्यातून आलेल्या सगळ्या नोंदी एकदम रद्द केल्या. कुठली टीम खरी आणि कुठली भावकीतली हे निवडत बसायला त्यांना वेळ नव्हता. त्यात पेठच्या मुलीही गेल्या. त्यांना कळवायचं काम आमच्या मुलीकडे आलं. तिचं तिथलं ते शेवटचं काम. फोन तिनं आमच्यासमोरच केला.

“नाही गं, तुमचं काही चुकलं नाही,” ती सांगत होती. “चांगलं होतं. खूप चांगलं होतं.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “दुसरीकडे कुठे पाठवायचं, ते मलाही आत्ता माहीत नाही.”

फोन ठेवून तिनं मला विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं, पप्पा?”

“पहिल्या दिवसापासून.”

तिनं मान हलवली. ओरडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मेहुणा.

“दाजी, आमच्यामुळं काही गडबड नाय ना झाली? फोटो पोचले ना?”

मुलगी तिथेच उभी होती.

“छे हो, गडबड कसली,” मी म्हणालो. “तुम्ही सगळे आलात, कार्यक्रम छान झाला.”