कुसुमचे काडीकिडे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, भावाला नाही, कुसुमला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. मी अमडापूरला शाळेत विज्ञान शिकवत होतो. वर्गात दाखवायला म्हणून कुंपणावरचे दोन काडीकिडे घरी आणले — वीतभर लांब, हुबेहूब वाळक्या काटक्या. दोन दिवसांत माझी हौस फिटली. माझ्या बायकोची, कुसुमची, तिथून सुरू झाली.

का, ते मला माहीत होतं. वर्षभरापूर्वी आमची मुलगी जन्मानंतर अकराव्या दिवशी गेली होती. तेव्हापासून कुसुम धड बोलत नव्हती. आता ती सकाळीच पेरूचा ताजा डहाळा आणायची, खोक्याला जुन्या मच्छरदाणीची जाळी लावायची, पानांवर बोटांनी पाणी शिंपडायची. किडा कात टाकायला उलटा लटकला की मलाही हळू बोलायला लावायची. अंडी बियांसारखी टपटप पडत. ती वेचून ओलसर वाळूत ठेवायची. पहिली पिल्लं निघाली तेव्हा हसली. ते हसू मी पाहिलं होतं. तरीही —

एकदा शाळा तपासायला आलेले साहेब घरी चहाला आले. सोबत हेडमास्तर आणि दोघे शिक्षक. खोकं पाहून साहेबांनी विचारलं, "अंडी फुटायला किती दिवस लागतात, गुरुजी?"

"पंधरा," मी ठोकून दिलं.

दाराआडून कुसुम म्हणाली, "चार मयने लागते, साहेब."

"म्हणजे विज्ञान बाईच शिकवतात वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो.

एवढंच. एवढ्यावरून माणूस काय करतो?

दुसऱ्या दिवशी ती बाजाराला गेली. मी ढेकणांची पावडर काढली आणि खोक्यातल्या पानांवर भुरभुरली — नीट, पानांच्या खालच्या बाजूलाही. मग हात धुतले आणि वह्या तपासत बसलो.

ती आली तेव्हा किडे खाली पडून पाय झाडत होते. "अहो, हे काऊन असे करून राह्यले?" एकेकाला ती तळहातावर घेत होती. "माह्या हातानं काही झालं काय?"

तिथे तरी थांबता आलं असतं. वहीतून मान वर न करता मी म्हणालो, "तुझ्या हातात काही जगतच नाही."

मुलीचा उल्लेख मी केला नाही. गरज नव्हती. ते मला ठाऊक होतं — म्हणूनच तर तेच वाक्य निवडलं.

ती रडली नाही. वाळूतली अंडी तिनेच चुलीत टाकली.

दोन वर्षांनी मुलगा झाला. कुसुमने त्याला पाजलं, पण न्हाऊ-माखू कधी घातलं नाही. ते माझ्या आईने केलं. त्याला ताप आला की ही दारातच उभी. "तुमीच घ्या त्याले," म्हणायची. सून निष्ठुर आहे, असं आई चारचौघींत बोलायची. मी ऐकायचो. मुलगाही तेच मानून मोठा झाला — मी मानू दिलं.

तिच्या शेवटच्या आजारात सुनेने नातू जवळ आणला, पंधरा दिवसांचा. कुसुमने दोन्ही हात पांघरुणाखाली ओढून घेतले. "नको बाई, दुरूनच दाखव त्याले."

सुनेने माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे," मी म्हणालो. "तिला लेकरांची आवडच नाही."

कुसुमने ते ऐकलं. आठवड्याने ती गेली.