मी वाटलेली जास्वंद

चोरून आणलेली फांदीच जगते, असा आमच्या वस्तीत सगळ्यांचा ठाम विश्वास होता. त्यामुळे सकाळी फिरायला निघालेली चांगली प्रतिष्ठित माणसं दुसऱ्याच्या कुंपणातून हात घालायची, कट्कन फांदी मोडायची आणि पिशवीत टाकून पुढे व्हायची. मग दिवसभर त्यावरून भांडणं. त्या भांडणांना कंटाळून मीच एकदा म्हटलं, वर्षातून एक दिवस ठरवू. ज्याच्याकडे जे आहे त्याचं रोप त्यानं उघडपणे आणावं, आणि दुसऱ्याचं घेऊन जावं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात इतवारीच्या अलीकडे सरकारी नोकरांची आमची ती वस्ती होती. प्रत्येक घरापुढे दोन खाटा मावतील एवढं अंगण, आणि त्यात जो तो आपापली हौस भागवायचा. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे झाडांच्या बाबतीत माझा शब्द लोक मानायचे. वसंत पंचमीनंतरचा रविवार मी ठरवला. थंडी गेलेली असते, ऊन अजून चावत नाही. मार्च उजाडला की नागपुरात नवं रोप लावण्यात काही अर्थ नसतो.

पहिल्या वर्षी मी घरोघरी जाऊन सांगून आले. वस्तीबाहेरच्या एकाच बाईला सांगितलं. ती नाल्यापलीकडच्या झोपड्यांत राहायची. इतवारीत एका धान्याच्या गोदामात डाळ निवडायला जायची, तिचा रस्ता आमच्या फाटकावरून होता. एकदा ती जाता जाता थांबली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या मोगऱ्याले पाणी जास्त होऊन राह्यलं. मुळं सडून जातीन."

मी उकरून पाहिलं, तर मुळं खरंच काळी पडू लागली होती. त्यानंतर तिचं नि माझं बोलणं सुरू झालं. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, तरी मी तिला अगं-तुगं करायचे आणि ती मला बाई म्हणायची. एकदा तिच्या घरापुढे गेले होते. तेलाच्या रिकाम्या डब्यांना बुडाशी खिळ्यानं भोकं पाडून तिनं त्यात अबोली, गवती चहा, पुदिना आणि पांढरा गोकर्ण लावला होता. एका खोलीच्या घराच्या तीन बाजूंना नुसते डबे. एक पान पिवळं नव्हतं.

तिला बोलावल्याचं मला फार कौतुक होतं. तिचं कमी आणि माझं स्वतःचं जास्त.

त्या वर्षी सगळ्यांचं लक्ष माझ्या जास्वंदीवर होतं. बहिणीनं पुण्याहून आणलेली, दुहेरी पाकळ्यांची, पिकल्या संत्र्याच्या सालीसारख्या रंगाची. तशी आमच्याकडे कोणाकडे नव्हती. पावसाळ्यात मी तिच्या सात फांद्या लावल्या होत्या, सातही जगल्या होत्या, आणि सातही कोणाकोणाला द्यायच्या हे दोन महिन्यांपासून बोलून झालं होतं.

ठरलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी एका रोपाच्या पानाखाली मला कापसासारखं पांढरं काहीतरी दिसलं. दुसऱ्यावरही. देठाच्या बेचक्यात दडलेलं. मी नववीच्या मुलींना फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं, की हे पिठासारखं दिसतं ते पीठ नसतं, त्याखाली कीड असते. एका झाडावरून दुसऱ्यावर मुंगळे ती वाहून नेतात आणि उन्हाळ्यात ती पसरते. असं रोप कोणाला देऊ नये, हेही मीच शिकवलं होतं.

हे म्हणाले, "जाळून टाक सातही. पुढच्या वर्षी देशील."

मी म्हटलं, "लोकांना काय सांगू?"

"हेच सांग."

ते मला जमण्यासारखं नव्हतं. मी साबणाचं पाणी केलं, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि एकेक पान घासलं. दोन दिवस घासत होते. रोपं लखलखीत दिसू लागली. शनिवारी संध्याकाळी पुन्हा पाहिलं तर दोन ठिकाणी पांढरे ठिपके होते. मी ते अंगठ्यानं पुसून टाकले.

रविवार फार छान गेला, हे मला आजही कबूल करावं लागतं. मैदानातल्या कडुनिंबाखाली पंचवीस-तीस घरांतली माणसं जमली. एरवी एकमेकांच्या कुंपणावरून भांडणारे लोक एकमेकांना खत किती घालायचं ते सांगत होते. ती बाई घमेल्यात चार डबे घेऊन आली. तिच्या डब्यांपाशी लोक जरा कमी थांबत होते, म्हणून मी मुद्दाम सगळ्यांदेखत तिचा गोकर्ण घेतला. मी तिला जास्वंद देऊ लागले तर तिनं मान हलवली. "इतकं मोठं झाड माह्या डब्यात मावत नाही, बाई." तिनं एका घरचा छोटा कण्हेर घेतला.

माझी पहिली जास्वंद नेली ती शेजारच्या काकांनी. काका पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिनं लावलेली तांबडी जास्वंद त्यांच्या दारात छपरापर्यंत गेली होती, आणि रोज सकाळी ते तिची फुलं देवाला वाहायचे. माझं रोप त्यांनी तिच्याच शेजारी लावलं. "तिला सोबत होईल," म्हणाले.

एप्रिलमध्ये ऊन तापलं आणि कीड बाहेर पडली. आधी माझ्या सात रोपांवर, मग त्यांच्या शेजारच्या झाडांवर, मग वस्तीभर. पानं आकसली, कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या. मे महिन्यात काकांची तांबडी जास्वंद मुळापासून पांढरी झाली होती. त्यांनी सगळं करून पाहिलं. तंबाखूचं पाणी, राख, रॉकेल. शेवटी माणूस लावून ती तोडली आणि मागच्या अंगणात जाळली. मी भेटायला गेले तेव्हा ते पायरीवर बसले होते.

"तिच्या हातचं एवढंच राहिलं होतं," ते म्हणाले.

मी तिथे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "पाणी आणू का, काका?"

जूनमध्ये पहिल्या सरी पडून गेल्यावर चार-सहा घरच्या बायका एका ओसरीवर बसलो होतो. विषय निघालाच. बँकेत नोकरी करणाऱ्यांची बायको म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते. ते तेलाचे गलिच्छ डबे, कुठली कुठली माती. त्यातूनच आली ही कीड."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "काय हो, तुम्ही विज्ञानाच्या. मातीतून येते ना?"

"येऊ शकते," मी म्हणाले.

तेवढंच बोलले. खोटंही नव्हतं ते. पण त्या दोन शब्दांनी सगळं ठरलं. वस्तीतल्या लोकांना जे वाटत होतं त्याला विज्ञानाच्या बाईचा शिक्का मिळाला. खरं तर कोणीही नाल्यापलीकडे जाऊन पाहिलं असतं, तर तिच्या एकाही डब्यात कीड नव्हती हे दिसलं असतं. कोणी गेलं नाही. मी मे महिन्यातच गेले होते. मी पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी तिला बोलवायचं नाही असं परस्पर ठरलं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही काही म्हटलं नाही. वसंत पंचमीच्या आसपास एका सकाळी ती फाटकाशी थांबली.

"काहून बाई, यंदा रोपायचं नाही करून राह्यले काय?"

"यंदा नाही जमत गं," मी म्हटलं. "शाळेच्या परीक्षा आहेत."

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.

रविवारी आम्ही कडुनिंबाखाली जमलो होतो. मी टेबलाशी बसून रोपांच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहीत होते. मान वर केली तर ती मैदानाच्या कडेला उभी. डोक्यावर घमेलं, त्यात गोकर्णाची रोपं. तिला कोणाकडून तरी कळलं असावं, किंवा जाताना गर्दी दिसली असावी. माझा काहीतरी घोटाळा झाला, परीक्षा पुढे गेल्या, असंच तिला वाटलं असणार. ती हसत पुढे आली.

बँकवाल्यांच्या बायकोनं तिला तिथेच अडवलं. "तुझी रोपं नकोत गं बाई. मागच्या वर्षी कीड आणलीस ती पुरे झाली. सगळ्यांची झाडं खाल्ली."

"म्या?" ती म्हणाली.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहून चिठ्ठी लिहीत राहिले. काय लिहीत होते तेही आठवतं, शेवंती. तो शब्द मी तीनदा गिरवला. पुन्हा वर पाहिलं तेव्हा ती पाठमोरी चालली होती, घमेलं तसंच डोक्यावर. त्या दिवसानंतर ती आमच्या फाटकावरून कधी गेली नाही. इतवारीला जायला तिनं लांबचा, रेल्वेफाटकाकडचा रस्ता धरला.

मी ते वर्ष कसंबसं काढलं. शाळेत किडीचा तो धडा आला तेव्हा मुलींना वाचून घ्या म्हटलं, फळ्यावर चित्र काढलं नाही. दिवाळीनंतर एका दुपारी मी काकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ब्रश, साबणाचं पाणी, अंगठा, सगळं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. कीड आधी तुमच्या रोपावर दिसली होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून झाड परत येणार होतं का? जाऊ द्या, बाई. आपण शेजारी आहोत, रोज तोंडं पाहायची आहेत."

"पण तिच्यावर आळ आला."

"ती काय, येत नाही आता. तिला त्याचं काय?" ते अगदी मायेनं म्हणाले. "तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका."

त्यांच्या झाडापुरती त्यांनी मला क्षमा केली, तो त्यांचा अधिकार होता. दुसऱ्या गोष्टीची क्षमा त्यांच्या हातात नव्हती, पण तीही त्यांनी देऊन टाकली. आणि मला हलकं वाटलं, हेही खरं आहे. आठवडाभर फार हलकं वाटलं. मग पुन्हा झोप लागेना, तेव्हा मी नाला ओलांडून गेले.

ती डब्यांना पाणी घालत होती. मला पाहून तिनं लोटा खाली ठेवला नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं की कीड माझ्या जास्वंदीची होती, मला आधीपासून माहीत होतं, आणि तिचं नाव आलं तेव्हा मी गप्प बसले. ऐकताना ती एका डब्यावरून दुसऱ्या डब्याकडे जात होती.

"मले काहून सांगता, बाई?" शेवटी ती म्हणाली. "मले तं माहीतच हाये का म्या कीड नाही आणली. ज्यायले माहीत नाही, त्यायले सांगा."

"सांगेन," मी म्हटलं.

"तवा तुमी खाली पाहून लिहून राह्यल्या होत्या." तिचा आवाज चढला नाही. "एक बार वर पाह्यलं असतं तं झालं असतं. पोराची बायको इचारते, आत्या, त्या लोकायनं तुमाले हाकलून काहून देल्लं? काय सांगू तिले?"

तिनं पाणी घालून संपवलं आणि आत गेली. मी थोडा वेळ थांबले. ती बाहेर आली नाही.

तिसऱ्या वर्षी अदलाबदल सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना थांबवलं. आदल्या दिवसापासून वाक्य जुळवत होते. मी म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी जी कीड पसरली, ती त्या बाईच्या डब्यांतून आली नव्हती. ती माझ्या जास्वंदीतून आली असावी."

असावी. 'आली, आणि मला ठाऊक होतं,' असं म्हणायचं ठरवून गेले होते. ऐन वेळी तोंडातून 'असावी' निघालं.

बँकवाल्यांची बायको हसून म्हणाली, "बघा, किती मोठं मन! गरिबाचा दोष स्वतःच्या अंगावर घेतात." दोघी-तिघींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी म्हटलं, "नाही हो, खरंच माझंच होतं," पण तोवर लोक रोपांकडे वळले होते. काका माझ्याकडे न पाहता एका गुलाबाची माती दाबत होते. मी अंगठ्याचं सांगितलं असतं तर त्यांना विश्वास ठेवावाच लागला असता. मी आणखी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी दोन नव्या शेजारणींनी मला मुद्दाम येऊन सांगितलं की तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत.

त्यानंतर मी त्या कामातून अंग काढून घेतलं. बाकीच्यांनी आणखी चार-पाच वर्षं ते चालवलं.

सांगितलं एवढं तिला कळवावं म्हणून मार्चात मी पुन्हा नाल्यापलीकडे गेले. खोलीत दुसरंच कुटुंब होतं. शेजारची बाई म्हणाली, तिच्या मुलाला खापरखेड्याच्या वीजकेंद्रात काम लागलं, सगळे तिकडेच राहायला गेले. हातगाडीवर सामान कमी आणि डबेच जास्त होते म्हणे.

खापरखेडा काही लांब नाही, बस तासाभरात पोचवते. पुढच्या उन्हाळ्यात सावनेरच्या एका लग्नाला आम्ही त्याच बाजूनं गेलो. बस एका फाट्यावर थांबली, दूरवर वीजकेंद्राची धुरांडी दिसत होती. कंडक्टरनं दोनदा विचारलं, खापरखेडा कोणी आहे का. मांडीवर आहेराचं पातळ होतं, ह्यांना डुलकी लागली होती. दोन बायका उतरल्या. मी सरकून खिडकीशी बसले आणि बस सुटली.