टाकीतल्या जिवांना पेज

आमच्या घरी पर्यटक उतरतात. समुद्रकाठच्या आमच्या आचऱ्याची जमीन रेताड, विहिरी जवळजवळ. त्यामुळे न्हाणीघरांचं पाणी तसंच मुरवायचं नाही, हा हट्ट माझा. घाटावरून आलेली शिकलेली सून ना मी! परसात शुद्धीकरणाची टाकी बसवून घेतली. टाकीतले जिवाणू घाण खातात, मग मेम्ब्रेनच्या, म्हणजे अतिबारीक भोकांच्या पडद्यांतून स्वच्छ पाणी बाहेर येतं, ते माडांना. हे सगळं मी सासूबाईंना आणि शेजारच्या काकींना टाकीपाशी उभं करून समजावलं होतं. समजावलं कसलं, मिरवलं.

ऐन हंगामात पडदे तुंबले. बाहेर काढले तर त्यांवर बुळबुळीत थर. जिवाणूच माजून पडद्यांना चिकटले होते. क्लोरीनच्या पाण्याने धुतले, तरी थोड्या दिवसांत पुन्हा तेच. टाकी उतू जाऊन वास सुटला आणि पाहुणे नाकाला रुमाल लावू लागले.

माझं डोकं फिरलं. काकी आमच्या मागच्या दगडावर मासे धुवायच्या, ते पाणी टाकीतच जायचं. पाहुण्यांसमोर मी त्यांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी मुकाट्याने टोपली उचलली आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. पडदे मात्र तुंबतच राहिले.

एका सकाळी मी परसात गेले तर सासूबाई टाकीचं झाकण सरकवून आत पातेलंभर पेज ओतत होत्या.

"आई, हे काय करताय?"

"तूच सांगलंस मा गो, आत जिते जीव आसत म्हणान. रोज गायीक घालतंय, कुत्र्याक घालतंय, मगे तेंका उपाशी कशे ठेवूचे?"

रोजच्या त्या आयत्या खाण्याने जिवाणू माजले होते. मला हसूसुद्धा आलं नाही. काकींचा चेहरा आठवला आणि लाज वाटली. तशीच त्यांच्या घरी गेले.

"काकी, चूक तुमची नव्हती. आई टाकीत पेज घालत होत्या."

"म्हायत आसा. कुंपणावरसून मी रोज बघी होतंय."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

काकींनी बसायला पाट पुढे सरकवला.

"माका बोललंस तसा तिका पण बोलशीत, म्हणान गप रवलंय."