गंजाचा वैरी ब्रशमामा

माणसं शर्टाच्या खिशात पेन ठेवतात. आमच्या गल्लीतले ब्रशमामा दात घासायचा जुना ब्रश ठेवायचे. त्याचा दांडा मेणबत्तीवर तापवून वाकवलेला असे, म्हणजे तो मोटरसायकलच्या चेनच्या मागच्या अंगालाही पोचावा. लग्नाला जाताना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला तरी खिशात ब्रश असायचाच, आणि खिशाच्या कोपऱ्यावर ऑइलचा पिवळट डागही. त्यांचं खरं नाव मला एकदा रेशनकार्डाच्या कामात कळलं होतं, पण ते मी लगेच विसरलो.

समोरून येणाऱ्याचं तोंड बघायच्या आधी मामा त्याची गाडी बघत. माझं लग्न ठरत होतं तेव्हा होणारे सासरे शिरोळहून स्कूटरवरून आमचं घर बघायला आले. दारातच मामा उभे. "या पावणं, या!" म्हणाले आणि पुढच्याच दमात, "मडगार्डाच्या पोटाला गंज धरलाय की ओ! किती पावसाळं हात लावला न्हाय?" सासऱ्यांचा चेहरा पडला. आत चहा-पोहे होईपर्यंत मामांनी बाहेर बसून ते मडगार्ड घासलं, पुसलं आणि त्याला तेलाचा हात दिला. हे स्थळ गेलं असं समजून आई माझ्याकडे बघेना. जाताना सासरे म्हणाले, "पोरगा ठीक हाय. शेजार चांगला हाय." बायको हे वाक्य मला अजून अधूनमधून ऐकवते.

रविवारी सकाळी मामांच्या अंगणात पोतं पसरलेलं असे. वाटीत रॉकेल, बाटलीत नव्वद नंबरचं ऑइल, जुन्या बनियनच्या चिंध्या. आधी रॉकेलने चेन धुवायची, मग कोरडी करायची, मग एकेका कडीवर ऑइलचा थेंब. पावसाळ्याच्या आधी गाडीच्या पोटाला जळक्या ऑइलचा हात. मी गाडीवर पाइप सोडून मोकळा व्हायचो, ते त्यांना बघवत नसे. "गाडी धुतली न्हाय तर चालंल, सच्या. पण धुऊन पुसली न्हाय तर तिचा जीव घेतलास म्हणून समज." मग माझ्या हातातलं फडकं काढून घेऊन ते स्वतःच पुसायला लागायचे. खरं सांगायचं तर मी मुद्दामच गाडी ओली ठेवायचो.

एवढा जीव त्यांनी ज्या गाडीत गुंतवला होता, ती बघण्यासारखी होती. मूळची साधी शंभर सीसीची मोटरसायकल, पण मामांनी घरच्या घरी तिच्यात इतके बदल केले होते की कंपनीवाल्यालाही ओळखू आली नसती. मागच्या सीटला पाइप वाकवून केलेलं टेकण, त्याला रेक्झिनची गादी. दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पत्र्याच्या फळ्या, आणि त्यावर पाय घसरू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे पट्टे. डाव्या अंगाला दोन आकडे, कुबड्या अडकवायला. हे सगळं सुमीसाठी होतं.

सुमी त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याच वयाची. लहानपणीच पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. तिची आई ती शाळेत असतानाच वारली. इचलकरंजीजवळ कबनूरच्या एका यंत्रमाग कारखान्यात ती कापड तपासायला बसायची. टेबलावरून कापड सरकत जायचं आणि सुमी तुटलेला धागा, डाग, गाठ पकडून खडूने खूण करायची. नजर बापाचीच. मालक म्हणायचे, सुमीच्या हाताखालून गेलेलं कापड परत येत नाही. एसटीच्या पायऱ्या तिला चढता यायच्या नाहीत आणि एवढ्या लांब रोज रिक्षा कोण करणार? म्हणून मामा सकाळी तिला सोडायचे आणि संध्याकाळी आणायचे. दहा वर्षांत एक खाडा नाही. मी इचलकरंजीला नोकरीला, म्हणजे रस्ता तोच. चाळिसाच्या वेगाने जाणारी ती दोघं मला रोज दिसायची. मी हॉर्न मारून पुढे निघून जायचो आणि सुमी हात हलवायची.

ती बापाची थट्टाही करायची. "आप्पांचा सगळ्याला गंजावरचा रेड ऑक्साइड मारून झालाय. आता मी तेवढी ऱ्हायलोय." मामा हसायचे, पण एकदा चेन घासता घासता मला हळूच म्हणाले होते, "ही गाडी माझ्या आधी जाता कामा न्हाय, सच्या. माझ्या मागं काय ते देव बघंल. पण मी हाय तवर पोरगी घरात बसाय न्हाय पायजे." त्यांचं सगळं घासणं-पुसणं त्यासाठी होतं.

मामांची उभी नोकरी फौंड्रीत गेली. ओतून तयार झालेल्या प्रत्येक कास्टिंगवर हातोडी आणि पंच घेऊन नंबर मारायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी शाल आणि नारळ आणला, तेव्हा मामांनी साहेबांकडे आपला जुना पंचांचा डबा मागून घेतला. शून्य ते नऊ, दहा पोलादी बोटं. त्यातून त्यांनी घरातल्या तांब्या-वाट्यांवर नंबर मारले, आमच्या पाण्याच्या पिंपावर मारला, सुमीच्या कुबड्यांवरसुद्धा एक आणि दोन मारले. "तीस वर्सात एक आकडा चुकीचा मारला न्हाय," हे ते इतक्या वेळा सांगायचे की गल्लीतली पोरं त्यांच्यासोबत म्हणायची.

मग पूर आला. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा मामांनी सुमीला पाठीवर घेतलं आणि शाळेत नेऊन ठेवलं. गाडीसाठी परत यायचं होतं, पण तोवर पाणी छातीच्या वर गेलं. चार दिवस गाडी बुडून राहिली. पाणी उतरल्यावर मामांनी ती अंगणात पूर्ण खोलली. नट अन् नट रॉकेलच्या घमेल्यात. इंजिनातला गाळ काढला, वायरी बदलल्या, सुमीचा कारखानाही पुराने महिनाभर बंद होता, तेवढ्यात उन्हात एकेक भाग वाळवला. आणि शेवटी, पुन्हा असं पाणी आत शिरू नये म्हणून, चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पाइपांना खालून जी बारीक भोकं असतात ती सगळी पुट्टी मळून बुजवली. वरून रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर काळा रंग. दर दिवाळीला आणखी एक हात. "आता मुंगीसुद्धा आत जायची न्हाय," असं त्यांनी मला बोटाने दाखवून सांगितलं. मीही वा वा म्हणालो.

पुरानंतर तीन वर्षांनी गाडीची पंधरा वर्षं भरली. पुढे चालवायची तर आरटीओत नेऊन नव्याने पासिंग करावं लागतं. मामांबरोबर मी गेलो होतो. गाडी अशी चमकत होती की रांगेतली माणसं वळून बघत होती. साहेब तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी टेकणाचं कौतुकही केलं. मग म्हणाले, "काका, तेवढा चॅसी नंबर दाखवा. पेन्सिलने ठसा घ्यायचाय." हँडलच्या मुंडीजवळ पत्र्यावर कोरलेला तो नंबर मामांच्या रंगाखाली होता. पाणी तिथं साचतं म्हणून त्यांनी तिथंच सगळ्यात जाड थर दिले होते. मामांनी अभिमानाने पॉलिश पेपर काढला आणि घासायला लागले. रंगाची खपली निघाली, तिच्यामागं तांबड्या गंजाची खपली निघाली, आणि त्या खपलीबरोबर नंबर निघून आला. शेवटचे चार आकडे गेले होते.

साहेबांनी खडू लावून बघितला, टॉर्च मारून बघितला. "काका, नंबर नाही तर मला गाडी पास करता येत नाही. परत पंच मारायच्या परवानगीचा अर्ज करा. वेळ लागेल. आणि तोवर ही रस्त्यावर आणू नका." येताना मामांनी गाडी ढकलत आणली. मी गाडीवर बसा म्हणालो तरी बसले नाहीत.

अर्ज केला. तीन दिवस सुमी घरी. कारखान्यातून निरोप आला, अजून दोन-चार दिवस थांबू, मग दुसरी बाई बघावी लागेल. तेव्हा मीच मामांना म्हणालो, "नंबर तुमच्याच गाडीचा, पंच तुमचेच. गाडीच्या आरसी बुकात बघून चार आकडे मारा की. कुणाचं काय लुबाडताय?" ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं आता शिव्या घालतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पोतं पसरलेलं होतं आणि पोत्यावर पंचांचा डबा होता. "आयुष्यात पयल्यांदा बिगर परवानगीचा पंच मारतोय," एवढंच म्हणाले. सुमी उंबऱ्यावर बसून बघत होती.

पहिला आकडा सात. तो उठला, थोडा फिकट. दुसरा पंच ठेवला, हातोडी मारली आणि आवाज बदलला. वाळकी करवंटी फुटावी तसा आवाज आला. पंच अर्धा आत गेला होता. मामांनी तो ओढून काढला, तर भोकातून पुराचा गाळ भुकटी होऊन गळायला लागला, गंजाने तांबडा झालेला. तो गळतच राहिला. मामांनी पाइपावर खाली खाली ठोकून बघितलं. दोन ठिकाणी नुसत्या हातोडीनेच पत्रा आत गेला. वरून रंग होता, खाली काही उरलं नव्हतं. भोकं बुजवली तेव्हा पाणी बाहेर थांबलं नव्हतं, ओल आत कोंडली गेली होती.

"गाडी करकरती ती माझं वजन वाढलंय म्हणून, असं म्हणत हुता न्हवं, आप्पा?" सुमी म्हणाली.

मामा पोत्यावर बसले. "सच्या, तीन वर्सं मी पोरीला ह्याच्यावर बसवून न्हेली. ह्या भुग्यावर." हातातला पंच त्यांनी डब्यात टाकला. त्या हाताने तीस वर्षं एक आकडा चुकवला नव्हता.

नवी गाडी घ्या, असं सगळ्यांनीच सांगितलं. पैसे नव्हते असं नाही. पण मामांचा धीरच सुटला. "आता माझाच भरवसा न्हाय मला," म्हणाले. "जे सगळ्यात चांगलं येत हुतं, त्यातच माती खाल्ली. दुसऱ्या गाडीवर तिला कुठल्या तोंडानं बसवू?"

मग सुमीला मी न्यायला लागलो. माझी गाडी नवी, चार महिन्यांची. रस्ता तोच. आठ दिवस नेलं. टेकण नसल्यामुळे ती माझ्या खांद्याला घट्ट धरून बसायची, पाय फूटरेस्टवरून सुटायचे, कुबड्या मध्येच आडव्या यायच्या. मला चाळिसाच्या वर जाता येईना. आठपैकी पाच दिवस मी कामावर उशिरा पोचलो. मग दुसरा रविवार आला. बाहेर आलो तर मामा माझ्या गाडीजवळ टेप घेऊन बसले होते आणि शेजारी ते पाइपचं टेकण, पत्र्याच्या फळ्या, आकडे, सगळं नवा रंग देऊन ठेवलेलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरा उजेड होता.

"बसतंय बघ बराबर," ते म्हणाले. "मागं दोन भोकं तेवढी पाडाय लागत्यात."

मी गाडीकडे बघितलं. त्या टेकणासकट ती कशी दिसेल ते मला दिसलं. रोजचे चाळीस दिसले, आणि पुढची सगळी वर्षं दिसली.

"भोकं पाडली की वॉरंटी जाते, मामा," मी म्हणालो. "बघू की."

आपल्याकडे बघू की म्हणजे काय, ते लहान पोरालाही कळतं. मामा माझ्याकडे बघत होते. मग मान हलवून म्हणाले, "व्हय. वॉरंटी जाती." टेप गुंडाळला, टेकण उचललं. सोमवारी सकाळी सुमीने सांगून पाठवलं की तिला बरं वाटत नाही, तू जा. मंगळवारीही तेच. त्यानंतर मी विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

सुमी पुढं आजऱ्याला आत्याकडे गेली. तिथं काजू सोलायला बसते म्हणे. तिला न्यायला आत्याच्या पोराची जीप आली होती. बसताना ती मला म्हणाली, "आप्पांकडं बघ जरा." गल्लीच्या तोंडापर्यंत ती हात हलवत होती, रस्त्यावर हलवायची तसाच.

मामा वर्षभर होते. बोलणं कमी झालं, पण दर रविवारी माझ्या दारात यायचे आणि काही न बोलता माझी गाडी पुसायचे. नको म्हणालो तरी यायचे. एकदा गाडीखाली आडवे होऊन चॅसीची बारीक भोकं टाचणीने मोकळी करत होते. म्हणाले, "पाणी आत जायचंच, सच्या. भाईर पडाय वाट ठेवत जा." पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. अंघोळ घालताना काढून ठेवलेला शर्ट माझ्या हातात दिला गेला. खिशात ब्रश होता.

मोटरसायकल भंगारात गेली. टेकण मी ठेवून घेतलं आहे, माळ्यावर आहे. सासऱ्यांनी एकदा विचारलं, "त्या मामांची पोरगी कशी हाय?" मी म्हणालो, ठीक आहे. मला माहीत नाही.

परवा गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. मेस्त्री खाली वाकून बघत राहिला. म्हणाला, "एवढं पावसाळं खाऊन चॅसीला एक ठिपका न्हाय. कोण बघतंय गाडीचं?" मी म्हणालो, आमच्या शेजारी एक जण होते. वॉरंटी मागच्या वर्षीच संपली. गाडीला मात्र अजून कुठंही गंज नाही.