एका टँकरात दोन लग्नं

आज स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले. मन मोकळं करायला इथं लिहितेय.

मी उदगीरच्या एका कॉलेजात शिकवते. काही मुलींची पालक-शिक्षिकाही आहे. म्हणजे अभ्यास अडो की घरी काही बिनसो, त्यांनी माझ्याकडे यायचं. शेवटच्या वर्षाची सारिका त्यातलीच. इंग्रजीत फार मागे होती, पण माझ्याजवळ रोज जास्तीचा तास बसून पार पुढे गेली. "उदगीर जिल्हा होऊ द्या मॅडम, नव्या कलेक्टर कचेरीत मीच आधी लागते," म्हणायची.

हेच कौतुक सांगायला आज तिच्या आईला बोलावलं होतं. त्या आल्या त्याच थोरलीच्या लग्नाचं आवतण घेऊन. मी मनापासून अभिनंदन केलं. त्यांनी शेजारी उभ्या सारिकाकडे बघितलं.

"आन् हिचंबी त्याच मांडवात उरकून टाकायलोत."

"अहो, परीक्षा तोंडावर आलीय तिची!"

"हाव मॅडम. पण असल्या दुष्काळात लग्नाला दोनदा टँकर कुठून आणावं? एका टँकरात दोघींचं होतंय."

बोलताना त्या लेकीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. रागवायचं तरी कुणावर?

जाताना सारिका दारातून मागं वळून म्हणाली, "मॅडम, नक्की या. पंगतीत पाणी पुरंल का न्हाई काय माहीत, तुमच्यापुरतं मी आधीच काढून ठेवते."

पालक म्हणवून घेते मी स्वतःला. सांगा, कोणत्या तोंडानं तिच्यावर अक्षता टाकू?